चोवीस विसा आणि वर सात

सांगतो, पण एकदाच. खरं तर मला हे सांगायला बसवायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशी कान्होबुवांच्या मठात शिकलेली माणसं ढिगाने होती, पण त्यांतल्या एकाला धड सांगता येत नाही. गोष्ट सुरू केली की समजावत बसतात. मी तिथे सतरंज्या घालायला होतो, तिसरीत शाळा सोडलेला, मला समजावता येत नाही. झालं तेवढं सांगतो.

“चुकलास म्हणून पळून आलास, की कुणी चूक दाखवली म्हणून?”

कान्होबुवांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर पळसाची पानं होती. पत्रावळ टाचत होते. मान काही वर केली नाही.

समोर निरंजन औटी बसला होता.

औटी म्हणजे जिल्ह्याच्या गावचा आकडेवाला साहेब. पाच तालुक्यांत किती माणसं कामाला लागली आणि किती सुटली, त्याचा अंदाज दर महिन्याला सांगायचा, हे त्याचं काम. दारोदार जाऊन सगळी मोजायची तर वर्ष सरेल. म्हणून तो साठ ठिकाणी विचारायचा. माग, गिरण्या, दुकानं, दवाखाने. त्या साठांवरून सगळ्या टापूचा आकडा काढायचा. नऊ वर्षं काढत होता, आणि त्याची त्याला मिजास होती.

मग पूर्ण मोजणी आली. मालक लोक कामगारांच्या विम्यासाठी एकेका माणसाचं नाव भरून देतात. ते सगळे कागद गोळा व्हायला उशीर लागतो, पण त्यांत अंदाज नसतो, माणसं असतात. औटीने छापलं होतं, टापूत साडेतीन हजार नोकऱ्या वाढल्या. कागद म्हणाले, अकराशे घटल्या.

नुसती नाचक्की असती तर कुणी विचारलं नसतं. पण औटीच्या आकड्यावर विसंबून वरच्यांनी मागवाल्या विणकरांच्या पेठेतलं केंद्र बंद केलं होतं. माग बंद पडला की माणूस तिथे नाव नोंदवायचा आणि दुसरं काम लागेपर्यंत घरी शिधा न्यायचा. सगळे कामाला लागले म्हणता, मग केंद्र कशाला? लावलं कुलूप.

आता सुधारलेल्या आकड्यावर औटीची सही हवी होती. सोमवारी दुपारच्या आत सही झाली तर केंद्र पुन्हा उघडणार. नाही झाली तर जुना आकडा आणखी वर्षभर चालणार. त्या दिवशी शनिवार. कागद औटीच्या पिशवीत, आणि औटी मठात.

“मला इथेच राहू द्या, बुवा. नोकरी सोडतो. सही दुसरा कुणी करील.”

“कधी?”

“नवा माणूस नेमतील तेव्हा… चार-सहा महिन्यांत.”

“तोवर त्या लोकांनी काय खायचं?”

औटी पिशवीचा बंद पिळत राहिला.

“नऊ वर्षांचं नाव आहे, बुवा. त्या कागदावर सही करायची म्हणजे मी गाढव आहे असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.”

“हं…”

“आणि माझी रीत पक्की आहे. कुणालाही दाखवा.”

बुवांनी पत्रावळ बाजूला ठेवली.

“मग आमचं एक काम कर. उद्या भंडारा. गावची चूलबंद जेवणावळ आहे. कुणाच्या घरी चूल पेटत नाही, घरातलं झाडून सगळं माणूस इथे जेवतं. आचारी विचारतोय, किती जणांचं शिजवू?”

औटीचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला.

“घरं किती गावात?”

“एकशे अठ्ठावीस.”

“सोळा घरं बघून सांगतो. जास्त लागत नाहीत.”

“बघ.”

दिवस मावळायच्या आत तो परत आला. चपला काढायच्या आधीच बोलला, “सहाशे चाळीस. दहा-वीस इकडेतिकडे.”

बुवांनी आचाऱ्याला हाक मारून तेवढंच सांगितलं. एक शब्द विचारला नाही.

रविवारी पंगती बसल्या. आमटी-भात, लापशी. गाव जेवलं. दुपार कलली आणि वाढपी कोऱ्या पत्रावळ्यांकडे बघत उभे राहिले, कारण बसायला माणूसच उरलं नाही. कढया मात्र तीन भरलेल्या. आचारी त्या कढयांकडे बघे आणि औटीकडे बघे.

या मठाची एक रीत आहे. उष्ट्या पत्रावळ्या खड्ड्यात टाकण्याआधी मोजायच्या. ते काम ठकूबाईचं. बाईने शाळा बाहेरूनसुद्धा नीट पाहिलेली नाही. वीस पत्रावळ्या झाल्या की एक चिंचोका ओच्यात टाकते, बस. मग येऊन सगळ्यांच्या देखत बुवांना सांगते.

आली. हात कोपरापर्यंत खरकटे. ओचा सोडून चिंचोके ओट्यावर ओतले.

“चोवीस विसा आनि वर सात. बुवा, औंदा तुमचा अंदाज लईच चुकला.”

म्हणजे चारशे सत्त्याऐंशी. औटीने मनात वजाबाकी केली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मोजणीत चूक असेल,” तो म्हणाला. “पत्रावळ्या गुरांनी ओढल्या असतील.”

“साहेब, गुरं पान खात्यात. चिंचोकं माज्या ओच्यात हुतं.”

मंडपातली माणसं हसली. औटीला तो मंडप डोक्यावर पडावा असं झालं.

“मी सोळा घरं बघितलीत. एकेक घर!”

“आत जाऊन?” ठकूबाईने विचारलं.

“चार दारं बंद होती.”

“मंग?”

“मग काय… शेजारच्या घराइतकीच माणसं धरली. तशीच पद्धत आहे.”

ठकूबाईने कपाळावर हात मारायला हात उचलला, खरकटा आहे हे बघून खाली घेतला.

“अवो साहेब, कुलूप दिसलं न्हाई का? त्यांची मानसं दिवाळीपासनं वीटभट्टीवर हाईत. गावात अशी बत्तीस घरं. शेजारनीला इचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तोंड हुतं न्हवं?”



औटीला आपल्या साठ ठिकाणांपैकी ते सतरा माग आठवले. तिथे फोन कुणी उचलत नव्हतं. तो म्हणाला होता, गडबडीत असतील, गेल्या महिन्याइतकीच माणसं धरा. पुढच्या महिन्यालाही तेच. त्याच्या पुढच्याही. फोन वाजत होता तो बंद खोलीत. माग भंगारात गेले होते, आणि हा त्यांच्यावर माणसं बसवत होता.

“बुवा,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी कुलपांना कामगार धरलं…”

बुवांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते ओट्यावरून उतरले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, उतरायला वेळ लागला. ठकूबाईच्या समोर गेले, वाकले आणि तिच्या खरकटं उडालेल्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

ठकूबाई हलली नाही. तिला सवय होती. दरवर्षीचं होतं ते.

“आशीर्वाद दे, बाई.”

“दिला. उटा आता, कंबर धरंल.”

औटी बघत राहिला. भर मंडपात चुकलात म्हणून सांगते, आणि हे तिच्या पाया पडतात! बरं, चूक तर त्यांची नव्हतीच. अंदाज औटीचा. तरी बाई म्हणाली ‘तुमचा’, आणि बुवांनी तो आपला म्हणून घेतला होता.

बुवा उठले. धोतर झटकलं.

“तुझी ती पूर्ण मोजणी कुणी आणली होती रे?”

“एक बाई आहेत दुसऱ्या खात्यात. मंदाकिनी कांबळे. सहा महिने कागद चाळत होत्या. एकट्याच.”

“तिला काय म्हणालास?”

औटीने मान खाली घातली.

“अरे, विचारतोय.”

“म्हणालो… तुमचे कागदच अर्धवट असतील. आणि तुम्हाला आकड्यातलं काय कळतं, असंही म्हणालो. सगळ्यांच्या समोर.”

“मग ती?”

“काही बोलल्या नाहीत. बंद मागांची यादी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. प्रत्येकाच्या पुढे हाताने तारीख लिहिली होती. कुलूप कधी लागलं ती.”

“वाचलीस?”

“...नाही.”

बुवांनी नव्या पत्रावळ्यांच्या ढिगातली एक उचलली, औटीच्या हातात दिली आणि ठकूबाईकडे बोट दाखवलं. ती अजून जेवली नव्हती. मोजणारी शेवटी जेवते.

औटीने पत्रावळ मांडली. आमटी-भात वाढला. लापशीची पळी भरली आणि हात तिथेच थांबला. डोळे भरून आले होते, दिसेना.

“वाढा की, लाजताय काय,” ठकूबाई म्हणाली. “तुमच्याच किरपेनं उरलीय.”

मंडप पुन्हा हसला. या वेळी औटीही हसला, नाक पुसत. मग त्याने तिच्या पायांना हात लावला. नऊ वर्षांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं, असं तो नंतर स्वतःच म्हणाला.

“ताई, तुम्ही सांगितलंत, बरं केलंत.”

“न सांगून कसं चालंल? फुडल्या साली पुना येवडंच शिजलं असतं.”

उरलेल्या लापशीचं काय करायचं, हे आचाऱ्याने विचारलं. बुवांच्या आधी औटीच बोलला, “भट्टीवर न्या. बत्तीस घरांची माणसं आहेत तिथे. किती आहेत ते मोजून या… नाही, थांबा, मीच येतो.”

कढया टेम्पोत चढल्या. औटीने पिशवीतून कागद काढला आणि नव्या पत्रावळ्यांच्या ढिगावर ठेवून सही केली. सहीखाली एक ओळ जास्तीची लिहिली, कुणी न मागता: बंद पडलेल्या ठिकाणी मी माणसं धरली, ही चूक माझी, ती मंदाकिनी कांबळे यांनी दाखवली, मी त्यांचा ऋणी आहे.

कागद दुमडून खिशात घातला. सोमवारी सकाळी कचेरी उघडली की आधी त्या बाईंच्या टेबलापाशी जायचं, मग साहेबांकडे, असं त्याने ठरवलं. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. औटी धावत बुवांपाशी आला आणि त्यांच्या पाया पडला.

“बुवा, एवढा एकच आशीर्वाद द्या. इथून पुढे माझा अंदाज कधी चुकू नये.”

बुवांनी डोक्यावर ठेवायला नेलेला हात मागे घेतला.

“जा बाबा. असला शाप मी कुणाला देत नाही.”

याच्यापुढे बुवा काही बोलले असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. माझ्या गावात ही गोष्ट सगळ्यांना पटते. पण गावच्या गेल्या सभेला ‘दोन हजार माणूस होतं’ म्हणून सांगत सुटलेल्याला मी तोंडावर म्हणालो, सतरंज्या मोजल्यात मी, सातशेच्या वर माणूस मावत नाही. त्याने मला हाताला धरून मंडपाबाहेर काढलं. माफी मागायला तो अजून आलेला नाही, तो वसंता हुलवळे.