राजाचा प्रश्न आणि पाच सूरकरी

फार फार पूर्वी, राजाचं राज्य जिथे संपायचं आणि समुद्र सुरू व्हायचा, तिथे एका खाडीच्या काठी कोळ्यांचं गाव होतं. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण या गोष्टीतली चूक लहान मुलं कधीच करत नाहीत.

त्या खाडीचं तोंड अरुंद होतं. एका बाजूला गावाची टेकडी, समोर उंच काळा कडा, आणि कड्याच्या पायाशी खडक. दिवसाउजेडी कुणीही होडी सुखरूप आत आणी. पण थंडीच्या दिवसांत संध्याकाळी धुकं उतरायचं, आणि मग माणसाला आपल्या हातातलं वल्हंही दिसेनासं व्हायचं. दिवे लावून उपयोग नव्हता. धुक्यात उजेड हरवतो, आवाज मात्र पोचतो.

म्हणून जुन्या लोकांनी आधी टेकडीवर ढोल बडवून पाहिला. ढोलाचा ठोका समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. एक ठोका टेकडीवरून, एक कड्यावरून. होडीवाल्यांनी खरा कुठला मानायचा? शिंग फुंकून पाहिलं, तर फुंकणाऱ्याचा श्वास संपला की मधल्या शांततेत कडा उत्तर द्यायचा, आणि चुकलेली होडी त्या उत्तराच्या मागे जायची. शेवटी कुणा शहाण्या बाईच्या लक्षात आलं, की आवाज तुटतो तेव्हाच कडा बोलतो. आवाज तुटलाच नाही, तर त्याला बोलायला जागाच उरत नाही.

पण न तुटणारा आवाज आणायचा कुठून? एका माणसाचा श्वास तो केवढा! तेव्हा त्या बाईने आणखी चौघांना सोबत घेतलं आणि टेकडीवर पाच जण गोल करून उभे राहिले. तेच पहिले सूरकरी.

त्यांच्या हातात ना टाळ, ना ढोल. हात रिकामे नव्हतेच मुळी. प्रत्येकाचा तळवा पुढच्याच्या पाठीवर असायचा. पुढच्याचा श्वास अर्ध्यावर आला की पाठीला ते कळतं, आणि पाठीवरच्या हातालाही कळतं. मग मागचा माणूस, आपली छाती भरलेली असतानाच, तळवा हलकेच दाबायचा. त्याचा अर्थ एवढाच, की आता तू घे, मी आहे. पुढच्याने तिथेच थांबून श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरात मिसळायचं. आपण श्वास कधी घ्यायचा हे पाचांपैकी कुणीही स्वतः ठरवत नसे. सूर एकच, शब्द नाहीत, आणि शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबणं नाही.

माणसं म्हातारी झाली, मेली. एकाची जागा दुसऱ्याने घेतली. नवा माणूस निवडताना त्याचा गळा गोड आहे का हे फारसं कुणी बघत नसे. पाठीवर हात दाबला की तो थांबतो का, एवढंच बघत. अशा कितीतरी पिढ्या गेल्या. पाचांतलं पहिलं कुणीच उरलं नव्हतं, तरी गाव म्हणायचं, आपले सूरकरी तेच आहेत.

आता ही गोष्ट ज्या पाच जणांची, त्यांत सर्वांत मोठी होती एक म्हातारी. तिला सगळे थोरली म्हणत. थोरलीचा हात असायचा चांगुणेच्या पाठीवर. चांगुणा नवीनच सूरकरी झालेली, आवाजाची खणखणीत, आणि तिचा नवरा होडीवर सुकाणू धरायचा. चांगुणेचा हात हिराजीच्या पाठीवर. हिराजी जाळी विणायचा, आणि त्याची छाती अशी, की शेजारच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारली तर तीन गल्ल्यांतली माणसं बाहेर यायची. त्याच्यापुढे गुरवाच्या घरचे दोघे भाऊ, आणि धाकट्या भावाचा हात पुन्हा थोरलीच्या पाठीवर. गोल पुरा झाला.

एकदा राजा आपलं राज्य पाहायला निघाला, तो त्या टेकडीवर येऊन पोचला. धुकं उतरलेलं होतं. पाच जणांचा सूर सुरू होता. राजा ऐकत राहिला. त्याच्या दरबारात मोठमोठे गवई होते, पण असा न थांबणारा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. होड्या आल्या, सूर थांबला, तेव्हा तो पुढे झाला.

"वा!" राजा म्हणाला. "पण मला सांगा, तुमच्यात सगळ्यात लांब दम कुणाचा?"

पाच जण एकमेकांकडे बघू लागले.

"कधी मोजला नाही, महाराज," थोरली म्हणाली.

"इतक्या पिढ्या गाता आणि एवढंही माहीत नाही? नवल आहे!" राजा हसला आणि जेवायला गेला.

राजा काही वाईट माणूस नव्हता. त्याने बक्षीस लावलं नाही, कुणाला कुणाविरुद्ध उठवलं नाही. नुसतं विचारलं, आणि पहिला घास तोंडात जाईपर्यंत तो प्रश्न विसरूनही गेला. अशा लोकांना विसरायला काय जातं!

विसरले नाहीत ते हिराजी आणि चांगुणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी खाडीच्या पाण्यात डोकं बुडवून बसलेला चांगुणेने पाहिला. बराच वेळ तो वर येईना. ती मनात हसली. आणि मग स्वतः विहिरीपासून घरापर्यंत श्वास कोंडून घागर घेऊन आली. दारात पोचली तेव्हा तोंड लालेलाल झालेलं.

"काय गो, वाघ लागला पाठी?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी घराला वळसा घालून आली.

त्या संध्याकाळपासून टेकडीवर काहीतरी बिनसलं. चांगुणेने हिराजीची पाठ दाबली, तर तो थांबला नाही. आणखी थोडं ताणून, मग सावकाश त्याने श्वास घेतला. चांगुणेला वाटलं, अस्सं! थोरलीने तिची पाठ दाबली, तेव्हा तिनेही ताणलं. गुरवाच्या थोरल्या भावाला धाकट्याच्या आधी थांबायची लाज वाटू लागली, आणि धाकट्याला थोरल्याच्या. कुणी तोंडाने एक शब्द बोललं नाही. बघे मात्र बोलू लागले. "हिराजीचा दम बघितलास? हात लागला तरी हटत नाही!" असं कौतुक ऐकून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

एकटी थोरली अस्वस्थ झाली. सूर सुटल्यावर तिने चांगुणेला बाजूला घेतलं.

"पोरी, हात लागला की घ्यायचा."

"अजून दम होता, आय."

"होता म्हणूनच घ्यायचा. संपल्यावर घेशील, तोवर मागचाही संपलेला असेल."

चांगुणेने मान हलवली. मान हलवायला दम लागत नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली.

दुपारी आभाळ स्वच्छ होतं, म्हणून सगळ्या होड्या लांब गेल्या होत्या. उन्हं कलली आणि धुकं असं अचानक उतरलं, की टेकडीवर उभ्या असलेल्यांना आपले पायही दिसेनात. पाचही जण धावत वर आले, गोल केला, सूर लावला. एकेक होडी आवाजाच्या धाग्याने आत येऊ लागली. खाली बायका होड्या मोजत होत्या. शेवटी एकच उरली. तिच्या सुकाणूवर चांगुणेचा नवरा होता, आणि पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, बांबू घेऊन खडक चाचपणारा होता म्हादू, हिराजीचा धाकटा भाऊ.

आता सूर ढिला पडून चालणार नव्हता. चांगुणेने ठरवलं, आज मी थांबायचीच नाही. माझा माणूस बाहेर आहे. हिराजीने ठरवलं, आज मी थांबायचाच नाही. माझा भाऊ बाहेर आहे. गुरवाचे भाऊ तरी मागे कसे हटणार? थोरलीने पाठ दाबली. चांगुणा हलली नाही. चांगुणेने स्वतः दाबायचंही सोडून दिलं. थोरलीने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि दाबता दाबता तिचा म्हातारा श्वास संपत आला. पाचही जण न थांबता ताणत राहिले, आणि पाचांचाही श्वास एकाच क्षणी संपला.

सूर तुटला.

कितीतरी पिढ्यांत पहिल्यांदा, होडी बाहेर असताना टेकडी गप्प झाली. आणि त्या गप्पपणात समोरून कड्याचा आवाज आला, त्यांच्याच सुराचा, हुबेहूब.

पाचांनी घाईने श्वास घेतला आणि सूर लावला. पण श्वास सगळ्यांनी एकदमच घेतला होता, म्हणून तो संपलाही एकदमच. पुन्हा शांतता. पुन्हा कडा बोलला. आता टेकडी आणि कडा आळीपाळीने हाका मारू लागले, आणि होडीला वाटलं असेल, की खाडीला दोन गावं आहेत.

खालून बायका ओरडल्या, "अरे, सूर तोडू नका! होडी कड्याकडे वळतेय, वल्ह्यांचा आवाज तिकडून येतोय!"

हे ऐकून प्रत्येकाने आणखी जोर लावला. जोर लावला की श्वास आणखी लवकर संपे. यातून सुटायचा मार्ग एकच होता. कुणीतरी छाती भरलेली असताना तोंड मिटायला हवं होतं. आपला माणूस अंधारात खडकाकडे जात असताना, अंगात आवाज असताना, गप्प बसायचं! सांगा, कुणाला जमेल?

थोरलीने चांगुणेच्या पाठीवर हात दाबला.

चांगुणेचे डोळे भरून आले. आणि तिने तोंड मिटलं. बाकी चौघं गात होते आणि ती गप्प उभी होती. आपण नवऱ्याला बुडवतोय असं तिला वाटत होतं, पण तिने शांतपणे श्वास भरून घेतला. चौघांचा आवाज संपत आला, तेव्हा तिचा सूर भरलेल्या छातीने वर आला आणि तिने हिराजीची पाठ दाबली. हिराजी क्षणभर अडून राहिला. मग त्यानेही तोंड मिटलं, श्वास घेतला, आणि पुढच्याची पाठ दाबली. दाब गोल फिरला. सूर जुळला. कडा गप्प झाला.

पण जुळायच्या आधी कड्याकडून फळी फुटल्याचा आवाज येऊन गेला होता.

बऱ्याच वेळाने होडी आली. पुढून फुटलेली, पाण्याने अर्धी भरलेली. सुकाणूवर चांगुणेचा नवरा होता. नाळेवर कुणीच नव्हतं.

"दोन्हीकडून बोलावत होतात," तो म्हणाला. "मी कड्याकडे वळवली. म्हादू बांबू लावून खडकापासून होडी ढकलत होता. मग तुमचा आवाज एक झाला, मी होडी फिरवली. पण तोवर तो…"

म्हादू दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

धुकं कुणासाठी थांबत नाही. ते त्या दिवशीही उतरू लागलं. हिराजी घरात कोपऱ्यात बसून होता. थोरली दाराशी आली, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या जागी दुसरा बघा. ज्या छातीचा गर्व केला तिने भाऊ खाल्ला. मी नाही उभा राहायचा."

आतून हिराजीची आई आली. कालच तिचा एक मुलगा गेलेला. ती हिराजीच्या मागे उभी राहिली, तिने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि हलकेच दाबला.

"घे श्वास," ती म्हणाली. "आणि जा. दुसऱ्यांची पोरं अजून पाण्यात आहेत."

हिराजी हमसून हमसून रडला. मग उठला आणि टेकडीवर गेला. त्या दिवशी पाठीला हात लागताच तो थांबला, आणि त्यानंतर आयुष्यभर थांबत राहिला.

वर्षं गेली. थोरली गेली, तिच्या जागी तिची सून आली. गुरवाच्या भावांतला एक गेला, तिथे एक सुतार आला. हिराजीचे केस पांढरे झाले. आता पाचांत तोच मोठा. सूर मात्र तोच राहिला आणि तुटला नाही.

आणि एका धुक्याच्या संध्याकाळी राजा पुन्हा आला. तोही म्हातारा झाला होता. सूर लागायच्या आधीच तो पुढे झाला आणि कौतुकाने म्हणाला, "तुमची कीर्ती फार ऐकली आहे. मला सांगा, तुमच्यात सगळ्यात लांब दम कुणाचा?"

चांगुणेने मान खाली घातली. हिराजी राजाकडे बघत राहिला. राजाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही आठवण नव्हती.

"महाराज, एकदा मोजला होता," हिराजी म्हणाला. "माझा भाऊ गेला त्यात. तेव्हा कळलं, होडी घरी आणण्याइतका लांब दम कुणाचाच नसतो. म्हणून पाच जण उभे राहतो."

हिराजी उत्तराची वाट पाहत थांबला नाही. होड्या बाहेर होत्या. तो वळला, त्याने पुढच्याच्या पाठीवर हात ठेवला, हिराजीच्या पाठीवर चांगुणेने ठेवला, आणि सूर सुरू झाला. शेवटची होडी येईपर्यंत राजा तिथेच उभा होता, आणि त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

बोध : सोबत्याच्या भरवशावर वेळीच थांबायला जो लाजतो, तो सगळ्यांचाच सूर तोडतो.