हरणीची दुसरी गोळी

"बाबा, औषधानंच जंत हुत्यात का?"

विचारणारा साधासुधा माणूस नव्हता. शिद्राम पैलवान. भल्याभल्यांना अस्मान दाखवलेला गडी. आज मात्र त्याची बोबडी वळायची बाकी होती.

माळावरच्या तकियात, आपल्या मठीत, गफूरबाबा फकीर फाटका सदरा शिवत बसले होते. सुई थांबली नाही.

"कुणाला झाले?"

शिद्रामनं मागं बोट दाखवलं. त्याच्या हातात एक लांब काठी, काठीच्या टोकाला दोर, आणि दोराला कारवानी जातीच्या कुत्र्याचं पांढरं पिल्लू. नाव हरणी. पिल्लू शेपटी हलवत धन्याकडे यायला बघत होतं आणि धनी त्याला काठीनं लांब ठेवत होता. एवढा दांडगा माणूस आणि एवढंसं पिल्लू! हसू यायला हवं होतं. पण त्याचं तोंड बघून कुणी हसलं नसतं.

"जनावराच्या डॉक्टरनं गोळी दिली. म्हनला, आईच्या पोटातनंच येत्यात जंत, समद्याच पिल्लांना द्यावी लागती. म्या म्हनलं, जातिवंत कुत्रं हाय माझं, जंत कसले? तरी दिली. आन् सकाळी..."

"बोल."

"शेवयावानी, बाबा. पांढरे. आन् ते... हलत हुते."

त्यानं हात धोतराला पुसले. सकाळपासून पुसतच होता.

"आधी पिल्लू कसं होतं?"

"येकदम झ्याक! दोन पिल्लांचं येकटी खायाची. प्वाट कसं टम्म. गाव बघाया यायचं."

बाबांनी सुई सदऱ्यात खोचली. दोर ओढून पिल्लू जवळ घेतलं. मग शिद्रामचा हात धरला आणि पिल्लाच्या पाठीवर टेकवला. पैलवानानं हात मागं खेचला, पण म्हाताऱ्याची पकड काही सुटेना.

"काय लागतं हाताला?"

"...बरगड्या."

"दोघांचं खाऊन?"

शिद्रामची बोटं बरगड्या मोजत राहिली.

"मग खात होतं कोण, पैलवान?"

शिद्रामनं स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून दूध घातलं होतं, रोज, मोठ्या हौसेनं.

"डॉक्टर आणखी काय म्हणाला?"

"पंधरवड्यानं दुसरी गोळी द्या म्हनला. आत बारके ऱ्हात्यात, ते मोठे हुत्यात. घान रोजच्या रोज उचलून लांब पुरा. हात धुवा... म्या ती गोळी वढ्यात टाकली."

"का?"

"येका गोळीनं येवढे निघाले. दुसरीनं किती निघतील? न्हाई बघवत, बाबा."

"बघितले नाहीत, तर नसतात?"

वारा सुटला होता. पिल्लानं बाबांच्या मांडीवर तोंड टेकलं. ते बघून शिद्रामच्या अंगावर काटा आला.

"हिला पल्याडच्या माळावर सोडाया निघालोय."

"तिकडं लांडगे आहेत."

"ठावं हाय." त्याचा आवाज फाटला. "म्या काय कसाई न्हाई, बाबा. तळहातावर वाढिवलीया हिला. पर घरात ल्हान पोर हाय. माझी म्हाळसा. हिला कुशीत घिऊन निजती, तोंडाला तोंड लावती. उद्या आजोळास्नं येनार. ती यायाच्या आत हे घरातनं गेलं पायजे."

बापाची भीती होती ती. तिला कोण नावं ठेवणार?

बाबा उठले. मडक्यातलं पाणी घेऊन त्यांनी साबणानं हात धुतले, नखांपर्यंत घासून धुतले. मग पाण्याचा लोटा आणि साबणाचा तुकडा शिद्रामच्या हाती दिला.

"पोरगी कशी आहे?"

शिद्रामचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

"म्हाळसा? येकदम झ्याक! दोघांचं येकटी खाती. प्वाट कसं टम्म..."

तो थांबला.

लोट्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडत राहिलं. पिल्लू येऊन त्या ओल्यात बसलं. त्यानं काठी उगारली नाही.

"बाबा..."

"हं."

"तिचं हातपाय... काड्या झाल्यात, बाबा. म्या म्हनत हुतो, उंच व्हायला लागली."

गफूरबाबांनी सदरा पुन्हा मांडीवर घेतला. सुई काढली. टाका घालता घालता, मान वर न करता त्यांनी विचारलं,

"मग तिला कुठल्या माळावर सोडायचं?"