नाव पुरं होईपर्यंत

फार पूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशी दिवेलागणीला बंद होत, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी एक नगर होतं. त्याच्या वेशीवर एक पहारेकरी मांडीवर वही घेऊन बसे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून घेई. नाव सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम होता. पहारेकरी माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या अंगात घाई फार.

एके दिवशी त्या वेशीपाशी एक रंगारीण आली. आई लहानपणीच गेली होती, थोरला भाऊ दूरदेशी गेला तो परतला नव्हता, वडील नुकतेच वारले होते, आणि गावच्या विहिरी आटल्या होत्या. पाणीच नाही तर रंगाऱ्यानं करायचं काय? म्हणून रंगाच्या पुड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती नदीच्या गावाला निघाली होती.

"नाव?" पहारेकऱ्यानं विचारलं.

तिचं नाव होतं बकुळा. पण ते तिला सांगता येत नसे. ती लहानपणापासून बोलताना अडखळायची. इतर शब्द धडपडत का होईना, बाहेर यायचे. एखादा फारच अडला तर ती त्याच्या जागी दुसरा घ्यायची. 'भाकरी' अडली तर 'जेवण' म्हणायची. पण स्वतःच्या नावाच्या जागी दुसरं काय घेणार? 'ब' म्हणायला ओठ मिटायचे, ते मिटलेलेच राहायचे. आवाज म्हणून यायचा नाही.

मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "नाव सांगायला मुहूर्त बघतेस का गं?" लोक हसले.

पहारेकऱ्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. रंगात बुडवून बुडवून ते कोपरापर्यंत पिवळे झाले होते. "हळदी का? हळदीच असणार. हो ना?"

तिनं मान हलवली. मान हलवणं सोपं होतं. त्यानं वहीत 'हळदी' लिहिलं आणि तिला आत सोडलं.

त्या दिवसापासून ती सगळ्या नगराची हळदी झाली. रंगाऱ्यांच्या आळीत तिला एक खोली मिळाली, हाताला काम मिळालं, आणि तिच्या डाळिंबी रंगाचं नाव झालं. मान हलवायची सवय मात्र जडली ती जडलीच. ती सांगायला जायची की लुगडं परवा मिळेल. 'प'वर अडली की गिऱ्हाईक म्हणायचं, "उद्या ना? बरं बरं." ती मान हलवायची, आणि मग उद्याच द्यायचं म्हणून दिवसभर न जेवता रंगाच्या हौदापाशी उभी राहायची. लोकांना वाटायचं, आपण पोरीला बोलायचे कष्ट वाचवले. अशी चार वर्षं गेली.

तिच्या शेजारी एक मावशी राहायची. देवळांसाठी कापसाच्या वाती वळायची. तिचं तोंड आणि हात एकदमच चालत. एका दुपारी बकुळा नदीवरून कापड धुऊन परत आली, तर मावशी उंबऱ्यावर तिची वाटच बघत बसली होती.

"आज मोठीच गंमत झाली गं," मावशी म्हणाली. "कुणी एक तांड्याचा नायक आलाय. बैलांवर माल लादून दूर दक्षिणेला निघालाय. त्याची बहीण हरवलीये म्हणे. तो गेला तेव्हा पोर सात वर्षांची होती. परत आला तर घराला कुलूप. बिचारा गावोगाव शोधत फिरतोय. बहिणीसाठी लुगडी आणलीत, भांडी आणलीत, एक दुभती गायसुद्धा आणलीये. ते ऐकून सकाळपासून तीन पोरी चावडीवर जाऊन आल्या, तिघी म्हणाल्या मीच तुझी बहीण. तिघींनाही त्यानं नाही म्हटलं. आता कोतवाल भडकलाय. पुढची खोटी निघाली तर तिला कायमची वेशीबाहेर काढीन म्हणाला. उन्हं उतरली की तांडा निघणार. मलाही विचारलं त्यानं, बकुळा नावाची रंगारीण पाहिलीत का? मी म्हटलं, बाबा रे, या आळीत बकुळा-बिकुळा कुणी नाही."

बकुळाच्या हातातलं ओलं कापड मातीत पडलं.

"मावशी," ती म्हणाली, "ती… ती मी."

मावशीचे हात थांबले. असं कधी होत नसे. "चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहतेय तुझ्या," ती म्हणाली, "आणि तुझं नाव मला परक्या माणसाकडून कळावं?"

बकुळानं खाली मान घातली. अडखळत अडखळत तिनं वेशीवरची सगळी हकिकत सांगितली. मावशीनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मावशीला ओळखणाऱ्यांना याची किंमत कळेल. सगळं ऐकून झाल्यावर तिनं कापसाची टोपली काखेत मारली आणि म्हणाली, "चल."

पण बकुळाचे पाय उचलेनात. चावडीवर सगळं नगर जमलेलं असणार. वहीत आपलं नाव हळदी. तिथं ओठ मिटले आणि उघडलेच नाहीत तर? कोतवाल खोटी ठरवणार, हे घर जाणार, हे काम जाणार. आणि दादा? एवढा मोठा नायक झालेला दादा, चारचौघांत आपलं हे असं बोलणं ऐकून त्याला काय वाटेल? नाही गेलो तर काहीच बिघडणार नाही, असं तिच्या मनात आलं. फक्त दादा जाईल. आणि तो आता पुन्हा भेटायचा नाही.

ती गेली. वाटेत मावशीला एवढंच म्हणाली, "तुम्हीच सां… सांगा ना माझं नाव."

"सांगते की," मावशी म्हणाली. "त्यात काय!"

चावडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोतवाल लोडाला टेकून बसला होता. त्याच्या शेजारी उन्हानं रापलेला एक माणूस खाली बघत बसला होता. बकुळानं त्याला ओळखलं नाही, आणि त्यानंही तिला नाही. पंधरा वर्षांनी कोण कुणाला ओळखणार?

मावशी पुढे झाली. "ही पोर…"

"तुम्ही नाही," कोतवाल म्हणाला. "जिचं नाव, तिनं सांगायचं. तुझं नाव काय गं?"

बकुळा पुढे आली. तिनं श्वास घेतला. ओठ मिटले. आणि मिटलेच.

लोक बघू लागले. कुणी खाकरलं, कुणी हसलं. गर्दीतून पहारेकऱ्याचा आवाज आला, "अहो, ही तर हळदी. मीच लिहिलंय वहीत."

"हळदी का तू?" कोतवालानं विचारलं.

आता फक्त मान हलवायची होती. नेहमीसारखी. मान हलवली असती तर फार तर लोक हसले असते, आणि ती आपल्या हौदापाशी सुखरूप परत गेली असती. तिची मान हललीसुद्धा, पण 'नाही' अशी. चार वर्षांत पहिल्यांदाच.

कोतवाल वैतागला. "खऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला एवढा वेळ लागतो का? लबाड दिसतेय ही."

तेव्हा मावशीनं एक गोष्ट केली. ती चावडीच्या मधोमध फतकल मारून बसली, टोपली पुढ्यात ओढली आणि वाती वळायला लागली. "तू बोल गं पोरी," ती म्हणाली. "मला घाई नाही. माझ्या अजून शंभर वाती व्हायच्यात."

तेवढ्यात तो रापलेला माणूस उठून उभा राहिला. त्याचे डोळे बकुळाच्या मिटलेल्या ओठांवर होते. "कोतवालसाहेब," तो हळूच म्हणाला, "तिला तिचं नाव पुरं करू द्या."

मग तोही तिच्या समोर जमिनीवर बसला. गाव गप्प झालं. कापसाची वात वळल्याचाही आवाज यावा, इतकं गप्प. त्या सगळ्या गर्दीत ते नाव सगळ्यात आधीपासून ठाऊक असलेला माणूस तोच होता. तीन अक्षरं तर होती. पण त्यानं ती उच्चारली नाहीत. तो थांबला.

मावशीची एक वात झाली. दुसरी झाली. तिसरी होत आली.

"ब…" बकुळाचे ओठ सुटले. ते पुन्हा मिटले, पुन्हा सुटले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर खाली घातली नाही. "ब… बकुळा. माझं नाव ब… बकुळा."

"आलं," तो माणूस म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

कोतवालाला काही उमगेना. "तिघींनी नाव खणखणीत सांगितलं, त्यांना तुम्ही नाही म्हटलंत. आणि हिच्यावर विश्वास ठेवता?"

"माझी बहीण नाव खणखणीत सांगत नसे," तो म्हणाला. "पहिल्या गावात मी भोळेपणानं सांगून बसलो, की ती अडखळते. दुसऱ्या दिवशी पाच मुली अडखळत आल्या. सगळ्या ब-ब-ब करत होत्या. हिचे ओठ मिटतात आणि आवाजच येत नाही, हे फक्त घरच्यांना माहीत होतं. लहानपणी ही बोलायला लागली की मी असाच समोर बसून राहायचो."

"दा… दादा," बकुळा म्हणाली, "तुला लाज नाही वा… वाटत?"

"कसली लाज?" दादा म्हणाला. "पंधरा वर्षं मी हेच ऐकायला तरसलोय."

कोतवालानं घसा साफ केला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग वही मागवून स्वतःच्या हातानं ते नाव दुरुस्त केलं. पहारेकरी कान धरून म्हणाला, "मला वाटलं, मी मदतच करतोय." बकुळाला त्याचा राग आला नाही. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि हो म्हणून मान तर तिचीच हलली होती.

त्या दिवशी तांडा निघाला नाही. बकुळाच्या खोलीत तिघं जेवायला बसली. ताटावर बसल्या बसल्या बकुळाला फार भरून आलं. दादा गावोगाव शोधत आला, याबद्दल तिला कृतज्ञता वाटली. मावशीबद्दल तर वाटलीच. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या अडणाऱ्या जिभेबद्दलही वाटली. ती चुरुचुरु बोलणारी असती, तर आज चौथी खोटी मुलगी ठरून वेशीबाहेर गेली असती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही थां… थांबलात म्हणून झालं."

"मी कुठली थांबतेय? मी वाती वळत होते," मावशी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून तिच्या पानात आणखी भाकरी वाढली.

दादानं विचारलं, "माझ्याबरोबर येतेस?" बकुळानं बराच वेळ विचार केला. मग तिनं सांगितलं, की तिला इथंच राहायचंय, तिचा हौद इथं आहे, मावशी इथं आहे. हे सांगायला तिला पुष्कळ वेळ लागला आणि दादानं तो आनंदानं दिला. निघताना तो म्हणाला, "आता दरवर्षी तांडा याच वाटेनं नेईन."

बकुळाचं अडखळणं काही गेलं नाही. गोष्टीत जातं तसं ते गेलं असतं, तर सांगायलाही बरं वाटलं असतं, पण नाही गेलं. ती मरेपर्यंत तशीच बोलली. फक्त मान हलवणं तिनं सोडलं.

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक लुगडं रंगवायला घेऊन आलं. "कधी मिळेल?" त्यानं विचारलं. बकुळा 'प'वर अडली.

"उद्या ना? बरं बरं," असं म्हणत तो वळलादेखील.

"नाही," बकुळा म्हणाली. तो थबकला. त्याला थांबावंच लागलं, लुगडं त्याचं होतं. ती त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली आणि तिनं आपला वेळ घेतला.

"प… परवा," ती म्हणाली.

"परवा तर परवा," गिऱ्हाईक म्हणालं आणि आपल्या वाटेनं गेलं.

तात्पर्य: आपलं म्हणणं आपणच पुरं करावं, मग त्याला कितीही वेळ लागो. आणि ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचा शब्द आपल्याला ठाऊक असला तरी त्याच्या तोंडून हिसकावून घेऊ नये, समोर बसून त्याची वाट पाहावी.