हणमंताचं मूलभूत तंत्रज्ञान

हिंगणदरे गावात हणमंत नावाचा एक भोळा पोरगा राहायचा. अंगानं थोराड आणि मनानं सरळ. "जरा थांब" म्हटलं की थांबायचा, आणि "आता चल" असं कुणी म्हणेपर्यंत थांबलेलाच असायचा. एकदा ग्रामपंचायतीपुढं अख्खी दुपार असाच उभा होता. थांब म्हणणारा माणूस बाजाराला निघून गेला होता.

हणमंत आठवी पास झाला. नववीला एक विषय आपल्या आवडीचा घ्यायचा होता. संस्कृत, संगीत, चित्रकला, नाहीतर मूलभूत तंत्रज्ञान. हेडमास्तरांनी विषयांची यादी वाटली आणि सांगितलं, घरी जा, आईवडिलांजवळ बसा आणि विषय नीट निवडून आणा.

हणमंत घरी गेला. आईजवळ बसला.

"आई, सूप दे," म्हणाला.

"कशाला रं?"

"विषय निवडायचाय."

त्याची आई पारूबाई शाळेत कधी गेली नव्हती. आपण तांदूळ निवडतो, डाळ निवडतो, तसे शाळेत विषय निवडत असतील, असं तिला वाटलं. तिनं सूप काढलं. हणमंतानं यादी फाडून चार तुकडे केले आणि सुपात टाकले. पारूबाईनं पाखडायला घेतलं. संस्कृत पहिल्याच फटक्याला उडालं. संगीत चुलीपाशी जाऊन पडलं. चित्रकला कोंबडीनं चोचीत धरून नेली. तंत्रज्ञानाच्या तुकड्याला आमटीचा हात लागला होता, तो सुपाला चिकटून राहिला.

"ह्योच भरीव दिसतोय," पारूबाई म्हणाली.

असा हणमंत तंत्रज्ञानाला गेला.

हा विषय मगदूमसर शिकवायचे. सुतारकाम, वीज, नळजोडणी, रोपवाटिका, सगळं एकटेच. मोडक्या बाकांची एक खोली होती, ती सरांनी झाडून काढली आणि तिथं वर्कशॉप उभं केलं. पुस्तक उघडलं की ज्यांना झोप यायची ती पोरं या खोलीत घंटा झाली तरी हलायची नाहीत. पण त्या वर्षी जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला यायचे होते. त्यांना काम पटलं तर विषय चालू राहणार. नाही पटलं तर विषय बंद, आणि खोलीत पुन्हा मोडकी बाकं. सरांना त्याचा घोर लागला होता. त्यात हणमंत आला.

पहिला धडा विजेचा होता. सरांनी बोर्ड उघडून दाखवला, तर हणमंतानं सरळ आत बोट घातलं. सरांनी त्याला कॉलर धरून मागं ओढलं. त्यांनी त्याला दहा वेळा बजावलं की हात लावायच्या आधी मेन बंद करायचा. आधी मेन, मग हात.

हणमंतानं ते ध्यानात ठेवलं.

त्याच दुपारी सगळ्या शाळेची वीज गेली. ऑफिसात क्लार्क सकाळपासून दहावीच्या मुलांचे फॉर्म संगणकावर भरत होते. एकशे सोळावा फॉर्म चालू होता. आधी भरलेले सगळे पुसले गेले. हेडमास्तर आणि मगदूमसर धावत मेनपाशी आले. मेनखाली हणमंत मांडी घालून भाकरी खात होता.

"मेन कुणी बंद केला?" सरांनी विचारलं.

"मी केला, सर. डब्याला हात लावायचा हुता."

"मग परत चालू का नाही केलास?"

"अजून जेवतोय, सर."

सरांनी कपाळाला हात लावला. मग त्याला समोर उभं करून सांगितलं की यापुढं जगबुडी आली तरी चालेल, पण मला विचारल्याशिवाय शाळेतलं काहीही बंद करायचं नाही.

हणमंतानं तेही ध्यानात ठेवलं.

तपासणीसाठी पोरांनी मिरचीची दोनशे रोपं पिशव्यांत लावली होती. एका शनिवारी सरांना तालुक्याला बैठकीला जायचं होतं. त्यांनी हणमंताला टाकीजवळ बसवलं, पाणी भरतंय तिकडं लक्ष ठेव म्हणाले, आणि गेले. हणमंतानं लक्ष ठेवलं. टाकी भरली. त्यानं लक्ष ठेवलं. टाकी वाहायला लागली, तरी त्यानं लक्ष ठेवलं. मिरचीच्या पिशव्या तरंगायला लागल्या तेव्हा मात्र त्याला वाटलं, आता विचारलं पाहिजे.

तालुका नऊ किलोमीटर. हणमंत चालत निघाला. बैठक सुरू होती, पुढं मोठे अधिकारी बसले होते. घामानं भिजलेला हणमंत दारातून आत आला आणि मगदूमसरांपुढं उभा राहिला.

"सर, टाकी भरली. नळ बंद करू का?"

सरांनी त्याला मोटरसायकलवर मागं बसवून आणलं. शाळेत आले तेव्हा मिरची ओढ्याला लागली होती.

सर म्हणाले, बाबा, पाणी वाया जाताना दिसलं की मला शोधत फिरू नकोस. तिथल्या तिथं बंद कर. एक थेंब जमिनीवर पडता कामा नये. हणमंतानं या वेळी ते वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

तपासणीला महिना राहिला होता. सरांनी पुन्हा दोनशे रोपं लावून घेतली. या वेळी पोरांनी नळ्या कापून ठिबक केलं. प्रत्येक पिशवीवर एक बारीक तोटी, आणि तोटीतून थेंब थेंब पाणी. काम इतकं देखणं झालं की हेडमास्तर दोनदा येऊन बघून गेले.

रविवारी हणमंत एकटाच रोपं बघायला आला. बघतो तर दोनशे तोट्या, आणि प्रत्येकीतून थेंब पडतोय. त्यानं वही काढली. वाचली. घरी जाऊन मेण आणलं आणि तोट्या बुजवायला बसला. दिवस मावळेपर्यंत दोनशेच्या दोनशे बुजवल्या. बोटं सोलून निघाली. सोमवारी आणि मंगळवारी सणाची सुट्टी होती. बुधवारी शाळा उघडली तेव्हा रोपांनी माना टाकल्या होत्या.

सर वाफ्याच्या कडेला मटकन बसले.

"सर, एक थेंब पडला न्हाई," हणमंत म्हणाला.

सरांच्या मनात आलं, याला आजच्या आज संस्कृतला पाठवावं. मग त्यांनी एक तोटी हातात घेऊन पाहिली. मेण अगदी काठोकाठ, सारखं भरलेलं. दुसरी पाहिली. तशीच. दोनशेत एकही गळत नव्हती. असं काम वर्गात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. इतक्यात हणमंताचं लक्ष रोपांकडं गेलं. ही आपण मारली, हे त्याला कळलं आणि तो तिथंच हुंदके देऊन रडायला लागला. मग सरांना संस्कृतचं काही बोलवलं नाही. दोघांनी मिळून डब्यानं पाणी घातलं. निम्मी रोपं जगली.

बुजलेल्या तोट्या टाकून नव्या बसवायच्या होत्या. सरांनी ते काम हणमंतालाच दिलं. त्यानं तोट्या नळीवर नुसत्या ठेवल्या. मोटर चालू झाली आणि शंभर तोट्या एकदम उडाल्या. त्यातली एक खिडकीतून जाऊन हेडमास्तरांच्या चहात पडली.

सरांनी न रागावता त्याला समजावलं. बसवणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे. आधी दोन्ही बाजू साफ करायच्या. मग चिकटवायचं सोल्युशन लावायचं. मग दाबून बसवायचं. मग पट्टीनं आवळायचं. मग हलवून बघायचं. आणि एकदा बसवलं की चोवीस तास त्याला ओढायचं नाही. हणमंतानं हे तोंडपाठ केलं. घरी आईला म्हणून दाखवलं. शंभर तोट्या पुन्हा बसवल्या, आणि त्या बसल्या.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब साडेअकराला यायचे होते. अकराला हेडमास्तर आणि मगदूमसर वर्कशॉपात शेवटचा हात फिरवत होते. सरांनी हणमंताला त्यातल्या त्यात निर्धोक काम दिलं.

"तू फाटकाशी थांब. साहेब आले की त्यांना ऑफिसात नीट बसव. आम्ही आलोच."

"व्हय, सर," हणमंत म्हणाला, आणि आधी वर्कशॉपात जाऊन सामान घेऊन आला.

साडेअकराच्या ठोक्याला साहेब आले. जाडजूड होते, गुडघ्यांनी बेजार झाले होते, जीपमधून उतरतानाच दोनदा कण्हले. हणमंतानं त्यांना ऑफिसात नेलं. लाकडी खुर्ची फडक्यानं पुसली. मग म्हणाला, "साहेब, जरा पाठमोरं व्हा." साहेब वळले. हणमंतानं ब्रशनं त्यांची पँट मागून झटकली. रस्त्याची धूळ होतीच, साहेबांना बरं वाटलं. ते पाठमोरे होते तोवर हणमंतानं खुर्चीला सोल्युशनचा हात दिला. मग साहेबांना खांद्यांना धरून खाली बसवलं. चांगलं दाबून बसवलं. मग टेबलाखाली शिरून खुर्चीचे पाय टेबलाच्या पायांना लोखंडी पट्ट्यांनी आवळले. शेवटी खुर्ची दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून बघितली.

"हे काय चाललंय, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"सरांनी नीट बसवायला सांगितलंय."

साहेब खूश झाले. बाकीच्या शाळांत त्यांना नेहमी डुगडुगती खुर्ची मिळायची. ही जागची हलत नव्हती.

हेडमास्तर आणि सर धावत आले, नमस्कार झाले. सर म्हणाले, चला, वर्कशॉप दाखवतो. साहेब म्हणाले, गुडघे फार दुखतात हो, मी इथंच बसतो, मुलांना काय ते घेऊन इकडंच बोलवा. मग पोरांनी एकेक वस्तू ऑफिसात आणली. पाट आणले, विजेचे बोर्ड आणले, ठिबकाची नळी रोपांसकट आणली. एरवी साहेब दहा मिनिटांत चहा पिऊन निघायचे. आज बसून बसून त्यांनी सगळं बघितलं, पोरांना प्रश्न विचारले, पोरांनी उत्तरं दिली. एका मुलीनं बोर्ड खोलून पुन्हा जोडून दाखवला तेव्हा साहेबांनी स्वतः टाळी वाजवली. शेवटी त्यांनी शेरा लिहिला की काम उत्तम आहे, विषय पुढं चालू ठेवावा. खाली सही केली, शिक्का मारला. मगदूमसरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बराय, येतो मी," म्हणत साहेब उठले.

साहेब उठले नाहीत. त्यांनी पुन्हा जोर केला. खुर्ची उठली नाही, टेबल मात्र कुरकुरलं आणि चहाचे कप लवंडले. हेडमास्तरांनी साहेबांचा एक हात धरला, मगदूमसरांनी दुसरा, आणि दोघं ओढायला लागले.

हणमंत घाबरून आडवा आला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"सर, आत्ता वढू नगा, जोड सुटंल. साहेब उद्या साडेअकराला पक्कं हुत्यात."