म्हादबाचा जड क्लच

एका गावात एक भोळा दूधवाला होता. नाव म्हादबा. सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा, आणि तिथंच घोटाळा व्हायचा.

दुधाच्या चार किटल्या लादल्या की त्याची मोटारसायकल चढाला धापा टाकायची. म्हणून गावातल्या इलाही मिस्त्रीनं तिच्या क्लचमध्ये दणकट स्प्रिंगा बसवल्या. गाडी चढ चढायला लागली. पण क्लच असा जड झाला, की दाबून दाबून म्हादबाचा डावा पंजा सुजला. म्हशीची धार काढता येईना. त्यात रविवारी शेजारच्या गावी मुलगी बघायला जायचं होतं. आधीची तीन स्थळं हुकली होती.

"केबलला तेल पाज," मिस्त्री म्हणाला. "वरून सोडायचं, खालून गळेपर्यंत."

म्हादबानं तेल पाजलं. क्लच जरा हलका झाला. दुसऱ्या दिवशी त्याला ब्रेकही जड वाटला. त्यानं ब्रेकलाही तेल पाजलं, खालून गळेपर्यंत. गाडी उतारावरून निघाली ती पाटलांच्या उकिरड्यात जाऊन थांबली.

"ब्रेकला तेल कुणी घालतं का?" मिस्त्री म्हणाला. "तिथं खरखरीत पाहिजे. घसरता कामा नये."

"असं होय. ध्यानात ठेवतो."

त्यानं ध्यानात ठेवलं. स्थळ मामांनी आणलं होतं. ते शनिवारी गाडीवर मागं बसले आणि खड्ड्याखड्ड्याला घसरायला लागले. म्हादबानं सीटवर लाकूड घासायचा खरखरीत पॉलिश पेपर चिकटवला. मामा घसरले नाहीत. घरी उतरले तेव्हा धोतराचा मागचा भाग सीटवरच राहिला.

"उद्या मी एसटीनं येतो," मामा म्हणाले आणि दोन्ही हात मागं धरून घरात गेले.

क्लच अजून जडच होता.

"क्लचची दांडी लांब केली की जोर कमी लागतो," मिस्त्री म्हणाला.

"किती लांब?"

"जितकी लांब तितका हलका."

म्हादबानं दांडीवर चार हात लांब पाइप चढवला. क्लच लोण्यासारखा झाला. फक्त पाइपाचं टोक इतकं दूर गेलं, की तो दाबायला म्हादबाच्या आईला गाडीच्या शेजारून पळावं लागलं. ती दोन गल्ल्या पळाली आणि एका ओट्यावर बसली ती उठेचना.

मिस्त्रीनं पाइप काढून ठेवला. "बाबा, तू आता काही करू नकोस. सारखा थांबतोस म्हणून क्लच दाबावा लागतो. थांबू नकोस."

"अजिबात?"

"अजिबात," मिस्त्री म्हणाला, कारण त्याला जेवायला जायचं होतं.

रविवारी म्हादबा निघाला. मुलीच्या दारात मामा आणि मुलीचे वडील उभे होते. म्हादबा आला, हसला आणि पुढं गेला. देवळाला वळसा घालून परत आला.

"उतरा की," मुलीचे वडील म्हणाले.

"थांबायचं नाही म्हणून सांगितलंय," म्हादबा म्हणाला आणि गेला.

पुढच्या फेरीला त्यांनी विचारलं, "जनावरं किती?"

त्याच्या पुढच्या फेरीला उत्तर आलं, "सहा."

मुलीचं नाव द्वारका. ती पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, दोन फेऱ्या नुसती बघत राहिली आणि तिसरीला नेमकी बशी पुढं केली. म्हादबाचा डावा हात मोकळाच होता. बशी तोंडाला लावून त्यानं पोहे संपवले आणि पुढच्या फेरीला बशी परत दिली. द्वारका पदराआड हसली. म्हादबाला ती फार आवडली.

मामांनी ते ओळखलं. "म्हादू," ते ओरडले, "आता घरात जा, हात जोड आणि पसंत म्हणून मोकळा हो."

म्हादबा पुढच्या फेरीला म्हणणारच होता. पण देवळामागं पेट्रोल संपलं आणि गाडी एका म्हातारीच्या दारात थांबली. म्हादबा घरात गेला. हात जोडले.

म्हातारीनं म्हैस विकायला काढली होती. तिला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तिनं त्याला गोठ्यात नेलं. म्हादबानं म्हैस पुढून बघितली, मागून बघितली.

"पसंत," तो म्हणाला.

संध्याकाळी आई दारातच वाट बघत होती. पुढं म्हैस, मागं तिच्या दाव्याला बांधलेली मोटारसायकल, आणि तिच्यावर म्हादबा.

"जमलं का रे?" आईनं विचारलं.

"जमलं," म्हादबा म्हणाला. "आणि येताना क्लच एकदाही दाबावा लागला नाही."