दैत्यराज विरोहणाचे एक पाऊल

कृतयुग सरत आले होते. त्या युगात धर्म चारही पायांवर उभा होता असे सांगतात. असेल. पण देव आणि दैत्य यांचे वैर तेव्हाही होते, आणि रक्त तेव्हाही सांडत होते. त्यांच्या लढाया पुष्कळ झाल्या. त्यातल्या बहुतेक विसरल्या तरी चालतील. त्रिकंठ पर्वताच्या दरीतली लढाई मात्र ज्याला युद्ध कळून घ्यायचे आहे त्याने नीट ऐकावी. तिथे वीर वीराशी भिडला नाही, आकाश बाणांनी झाकले नाही, तरी त्या लढाईइतका घोर प्रसंग दैत्यकुळावर आला नाही.

तेव्हा दैत्यांच्या लोहितपुरात पर्वतस्कंध, गदाधारी विरोहण राज्य करीत होता. त्याचा पिता रणातून पळताना पाठीवर घाव लागून मेला होता. ते दुःख विरोहणाच्या मनातून कधी गेले नाही. तरुणपणीच तो शुभ्रा नदीच्या तीरावर तृणपाणी ऋषींच्या आश्रमात गेला. देवदारांची गर्द सावली, होमधुराने काळवंडलेल्या वेली, हरणांनी चाटून गुळगुळीत केलेले दगड, अशा त्या शांत स्थळी त्याने एका पायावर उभे राहून उग्र तप केले. ऋषी प्रसन्न झाले.

विरोहण म्हणाला, "मुनिवर, रणात उतरल्यापासून विरामशंख वाजेपर्यंत जोवर मी एकही पाऊल मागे घेत नाही, तोवर मला मरण नसावे."

विरामशंखाची रीत अशी होती. सूर्य मावळला की दोन्ही सैन्यांनी शंख फुंकायचा. दोन्ही शंख झाले की त्या दिवसाचे रण संपले. मग ज्याने त्याने आपल्या शिबिरात जावे.

ऋषी म्हणाले, "राजा, पुन्हा विचार कर. ज्याला मागे सरता येत नाही, त्याचे अर्धे रण आधीच दुसऱ्याच्या हाती गेलेले असते."

"मागे सरणारे मी घरात पाहिले आहेत. मला हाच वर हवा."

"तथास्तु," ऋषी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर विरोहण हरला नाही. त्याने सैन्यालाही तोच नियम घातला. राजा उभा असेतो कोणी पाऊल मागे घ्यायचे नाही. जो घेईल त्याचे शिर लोहितपूरच्या वेशीवर टांगले जाई. पुढे पुढे शिरे टांगावी लागेनाशी झाली. दैत्यांची मुले खेळतानासुद्धा मागे सरत नसत.

इंद्राने स्वर्गाची तीन द्वारे गमावली, तेव्हा तो देवगुरू बृहस्पतींकडे गेला. गुरू म्हणाले, "त्याच्याशी लढू नकोस. त्याच्यापुढून पळ. त्याला कुठे न्यायचे ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी देवसेना विरोहणापुढून पळाली. दैत्य गर्जना करीत मागे लागले. दुपार कलली तेव्हा पळणारे देव त्रिकंठाच्या दरीत शिरले. ही दरी तीन बाजूंनी बंद, कडे असे सरळ की त्यांवर घोरपडही टिकू नये. देव आकाशमार्गाने कड्यांवर चढून बसले. विरोहण सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या छातीसमोर काळा कडा आला आणि तो थांबला. मागे सारे सैन्य दरीत दाटून उभे होते.

सूर्य मावळला. दैत्यांनी विरामशंख फुंकला. वर देवांच्या बाजूने काहीच आवाज आला नाही.

सेनापती शूलबंधू हा राजाचा वृद्ध चुलता. तो पुढे येऊन कड्याकडे पाहत म्हणाला, "शंख हरवला की काय यांचा? की फुंकायला दम उरला नाही? एवढे पळाले बिचारे!"

सैनिक हसले. पुन्हा शंख झाला. पुन्हा वर शांतता. तेव्हा विरोहणाला कळले. रण संपले नव्हते. इंद्र ते संपू देणार नव्हता.

सकाळी ऊन दरीत उतरले. पाणी मागे शुभ्रेत होते, आणि तिथे जायचे तर वळावे लागणार होते. कोणी वळले नाही. दुपारी हत्ती खाली बसू लागले. वरून एकही बाण आला नाही. इंद्र कड्याच्या टोकावर येऊन म्हणाला, "दैत्यराजा, तुला कोणी अडवले आहे? वाट मोकळी आहे. तुझ्या पाठीमागे."

विरोहण सैन्याला म्हणाला, "मी तुम्हाला नियमातून मुक्त करतो. नदीवर जा. मी इथे थांबतो."

कोणी हलले नाही. पहिल्या रांगेतला मेषकर्ण नावाचा भालाईत ओठ कोरडे पडलेले असताना बोलला, "महाराज, माझ्या थोरल्या भावाने पाऊल मागे घेतले होते. त्याचे शिर वेशीवर मी पाहिले. त्याच्या नावाने मीसुद्धा थुंकलो. आता मी कोणत्या तोंडाने मागे फिरू?"

"राजाची आज्ञा आहे."

"आज्ञा कालही होती."

विरोहणाने पुन्हा आज्ञा केली, मग दरडावले, मग शिव्या दिल्या. सैन्य तसेच उभे. ज्यांना त्याने घडवले होते ते आता त्याचेही ऐकत नव्हते. त्या दिवशी काही जण उभ्या उभ्या कोसळले, तेसुद्धा पुढे.

शूलबंधू आता हसत नव्हता. तो पुतण्याजवळ येऊन हळू म्हणाला, "विरू, मी म्हातारा आहे, स्पष्ट बोलतो. तू मरणार नाहीस. आम्ही सगळे मरू. मग पावसाळा येईल, आमची हाडे वाहून जातील, आणि तू या कड्याला नाक लावून उभाच असशील. इंद्राला घाई नाही."

"काका, म्हणजे मी पळू?"

"ते तुझे तू ठरव. मला तहान लागली आहे."

विरोहणाने मान वर केली. "इंद्रा! मी पाऊल मागे घेतले आणि मेलो, तर विरामशंख वाजवशील? माझ्या सैन्यावर शस्त्र टाकणार नाहीस?"

इंद्र म्हणाला, "आधी पाऊल घे."

तेव्हा बृहस्पती उठले. "शंख माझ्याकडे दे," ते म्हणाले. इंद्राने गुरूकडे पाहिले आणि शंख दिला. "दैत्यराजा, मी वाजवीन," बृहस्पती म्हणाले.

विरोहण वळला नाही. तोंड शत्रूकडेच ठेवून त्याने सैन्याला हाक दिली, "सगळ्यांनी पाहा! मेषकर्णा, तूही पाहा. तुझ्या भावाने केले तेच तुझा राजा करतो आहे." आणि त्याने उजवे पाऊल उचलून मागे ठेवले.

वज्र कोसळले. त्याच्या गडगडाटातच शंख वाजला.

पहिला मेषकर्ण वळला. मग रांगा वळल्या. जे चालू शकत होते ते कोसळलेल्यांना खांद्यावर घेऊन शुभ्रेकडे गेले. शूलबंधूने लोहितपूरला पोचताच वेशीवरची सगळी शिरे उतरवली आणि राजाला मिळतो तसा अग्नी त्यांना दिला.

स्वर्गात दुंदुभी वाजल्या. इंद्राने गुरूंना विचारले, "आपण गप्प का? आपल्याच युक्तीने शत्रू मेला."

बृहस्पती म्हणाले, "देवेंद्रा, काल ते सगळे तुझ्या मुठीत होते."

पुढे देव आणि दैत्यांची युद्धे युगानुयुगे झाली. दैत्य हरले, मागे सरले, पाताळात उतरले, घाव बरे होईपर्यंत थांबले आणि पुन्हा वर आले. देवांनी त्यांना अनेकदा जिंकले, पण त्यांचा निःपात त्यांना करता आला नाही. इंद्राच्या सिंहासनाला तेव्हापासून स्वस्थता नाही.