खोड आधी सांगावी

एके काळी एका व्यापारी नगरात व्यापारविद्येचे एक नामांकित विद्यापीठ होते. आज व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांच्या दारात मुलांची जशी झुंबड उडते, तशी तिथेही उडे. जागा मूठभर आणि इच्छुक गाडाभर! आधी लेखी परीक्षा, मग भरसभेत निवड. तिथला रिवाज असा, की शिष्याची ओळख त्याच्या गुरूने उभे राहून करून द्यायची, मग शिष्याने बोलायचे.

कुंभारआळीतला सुमेध नावाचा तरुण तिथे आला होता. नाव सुमेध, पण आकडेमोडीशी उभा दावा. आधीचे गुण बेतास बात, आणि लेखी परीक्षेत क्रमांक अगदी तळाचा. सभेला सगळ्यांनाच बोलावत, एवढीच काय ती आशा. पुढच्या वर्षी वय उलटणार होते; म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

दारातच त्याने गुरुजींचे पाय धरले. "गुरुजी, काय हवं ते बोला, पण गुणांचा विषय तेवढा काढू नका!"

"बोलायचं मला आहे ना? मग माझ्यावर सोड," गुरुजी म्हणाले.

आत प्रत्येक गुरू आपापल्या शिष्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता. सुमेधची पाळी आली. गुरुजी उठले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हा मुलगा आकडेमोडीत कच्चा आहे. तळाचा क्रमांक त्याला चुकून मिळालेला नाही."

आणि चक्क खाली बसले!

कुणीतरी फिसकन हसले. सुमेधच्या तोंडचे पाणी पळाले. ज्याला बापाच्या जागी मानले, त्यानेच असा केसाने गळा कापावा? अरे देवा!

कुलगुरूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग याला आणलंत कशाला?"

"ते त्यालाच विचारा," गुरुजी म्हणाले.

सुमेधचे पाठ केलेले भाषण कुठल्या कुठे उडाले होते. तो अडखळत सांगू लागला, "आमच्या आळीत सगळे कुंभार माठच घडवायचे आणि बाजारात एकमेकांच्या उरावर बसायचे. मी म्हटलं, एकानं माठ करावेत, दुसऱ्यानं रांजण, तिसऱ्यानं चुली. पहिल्याच बाजारात माझा अंदाज साफ चुकला, चुली पडून राहिल्या. लोकांनी शिव्या घातल्या. तेव्हापासून मी केलेला हिशेब बहिणीकडून तपासून घेतो. आता कुणाचाच माल उरत नाही."

मग प्रश्नांवर प्रश्न आले. कुंभारांनी ऐकले कसे? चुलीवाल्याची समजूत कशी काढली? गुणांविषयी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

बाहेर येताच सुमेधचा बांध फुटला. "असं का केलंत गुरुजी? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!"

"अरे, तुझे गुण त्यांच्यासमोर होतेच की. आपण गप्प राहिलो असतो, तर तू बोलत बसला असतास आणि ते मनात तळाचा आकडा घोळवत बसले असते. बैलबाजारात जाणता माणूस बैलाची खोड आधी सांगून टाकतो. मग गिऱ्हाईक खोड शोधत नाही, चाल बघतं. आणि चाल काही धन्यानं चालून दाखवायची नसते."

तेवढ्यात आतून पुन्हा बोलावणे आले.

कुलगुरू सर्वांसमोर म्हणाले, "प्रवेश दिला. पण एक अट आहे. वर्षभर रोज सकाळी लहान मुलांच्या वर्गात बसून गणित गिरवायचं."

सभेत खसखस पिकली. मघाचा सुमेध असता, तर लाजेने अर्धमेला झाला असता. त्याने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "पाटी घरून आणू, की इथं मिळेल?"

आपण हे विचारले, याचा सर्वांत मोठा धक्का त्याला स्वतःलाच बसला.